फायर अलार्मची लाल पेटी कुठे लावायची, हे चालत ठरवा

मी ठाणे-कल्याण पट्ट्यात फायर अलार्मच्या कामांचं मार्किंग करते. ड्रॉइंग हातात घेऊन भिंतीवर खडूने खुणा करायच्या: इथे डिटेक्टर, इथे हूटर, इथे एमसीपी. एमसीपी म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट, जिन्याच्या दाराजवळ दिसणारी तळहाताएवढी लाल पेटी. पूर्वी तिच्यात खरोखरची काच असायची आणि शेजारी साखळीला छोटी हातोडी लटकलेली असायची. आता बहुतेक ठिकाणी अंगठ्याने दाबली की आत सरकणारी प्लास्टिकची पट्टी असते आणि ती किल्लीने पुन्हा जागेवर येते.

या पेटीकडे साईटवर फार दुर्लक्ष होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पॅनेल (कुठली पेटी दाबली किंवा कुठे धूर आला ते दाखवणारा खालचा मुख्य बोर्ड) कुठल्या कंपनीचं, डिटेक्टर किती, यावर मीटिंगा होतात. एमसीपी मात्र उरलेल्या भिंतीवर, इलेक्ट्रिशियनला कन्ड्युट (वायरची नळी) सोयीचा पडेल तिथे बसते. डिटेक्टर धूर छतापर्यंत येण्याची वाट बघतो. माणसाला मात्र वायर जळल्याचा वास त्याच्याआधी येतो, मीटर बॉक्समधली ठिणगी त्याच्याआधी दिसते. त्या माणसाने पळता पळता, वाट न सोडता हात लांब करून अख्ख्या इमारतीला जागं करावं, एवढ्यासाठी ही पेटी असते. तिची जागा ठरवताना सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात: माणूस बाहेर पडताना कुठून जाणार?

आधी अंतर

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेने धरलेला आकडा 22.5 मीटर आहे. मजल्यावर कुठेही उभ्या असलेल्या माणसाला जवळच्या पेटीपर्यंत 22.5 मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. यातला ‘चालावं’ हा शब्द महत्त्वाचा. ड्रॉइंगवर कंपास ठेवून 22.5 मीटरचा गोल मारला आणि सगळा मजला गोलात बसला, एवढ्यावर काम संपत नाही. माणूस भिंतीतून जात नाही.

एका कमर्शियल इमारतीतला मजला उदाहरणादाखल घेते. तिथे क्लासेस होते. 36 मीटरचा सरळ पॅसेज, दोन्ही टोकांना जिने, दोन्ही जिन्यांच्या दाराशी एकेक एमसीपी. कागदावर अगदी छान. मधल्या वर्गाची खोली 8 मीटर रुंद, 6 मीटर खोल, आणि तिचं दार उजव्या अंगाला. सगळ्यात लांबचा विद्यार्थी म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यातला. त्याच्यापासून डाव्या जिन्याची पेटी सरळ रेषेत जेमतेम 15 मीटर. पण तो निघाला की बाकांमागून आडवं 7 मीटर, मग भिंतीकडच्या रांगेतून पुढे 6 मीटर, म्हणजे नुसत्या दारापर्यंत 13 मीटर. तिथून उजवा जिना 15 मीटर. एकूण 28. डाव्या जिन्याकडे गेला तर 34. कागदावर 15 आणि पायाखाली 28, एवढा फरक. तिथे पॅसेजच्या मधोमध, त्या वर्गाच्या दारासमोरच्या भिंतीवर तिसरी पेटी लावावी लागली.

म्हणून माझी पद्धत अशी: प्रत्येक मजल्यावर सगळ्यात वाईट कोपरा शोधायचा, तिथे उभं राहायचं आणि मोजणीचं चाक ढकलत दारापर्यंत, दारापासून पेटीपर्यंत जायचं. टेबल, बाक, काउंटर, रॅक यांना वळसा घालून. चाक नसेल तर लांब टेप आणि एक मदतनीस. इमारत नुसती सांगाडा असेल, आत ऑफिस कसं मांडणार हे कुणालाच माहीत नसेल, तर मी सरळ रेषेतलं अंतर दोन-तृतीयांशच धरते, म्हणजे 15 मीटर. पार्टिशनं आणि फर्निचर आल्यावर तेच 22 च्या आसपास जातं. वरच्या उदाहरणात 15 चा हिशेब आधी केला असता तर तो कोपरा संशयित म्हणून तिथेच सापडला असता.

न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ तिथल्या पेट्यांचे फोटो पाठवत असतो. तिथे खाली ओढायची दांडी असते, आणि नियम असा की बाहेर पडायच्या दारापासून 5 फुटांच्या आत पेटी हवी, चालण्याचं अंतर 200 फुटांपर्यंत चालतं. 200 फूट म्हणजे सुमारे 61 मीटर, म्हणजे आपला आकडा जवळजवळ तिपटीने कडक आहे. तिथला आकडा इंटरनेटवरून उचलून इथल्या ड्रॉइंगवर टाकलेला मी पाहिला आहे. तसं करू नका. मंजुरी इथला अग्निशमन अधिकारी देणार आहे.

दाराची कुठली बाजू

पेटी दाराजवळ हवी हे सगळ्यांना कळतं. दाराच्या कुठल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही.

हँडलच्या बाजूला. बिजागरीच्या बाजूला कधीच नाही. दार तुमच्याकडे उघडत असेल आणि पेटी बिजागरीकडच्या भिंतीवर असेल, तर दार उघडताक्षणी पेटी त्याच्या मागे जाते. पहिला माणूस दार उघडून निघून जातो, मागून येणाऱ्यांना पेटी दिसतच नाही. हँडलच्या बाजूला असली की एक हात हँडलवर आणि दुसरा पेटीवर, त्याच एका पावलात. चौकटीपासून मी साधारण एक फूट सोडते, म्हणजे चौकटीचा पट्टा, लाईटचं बटण, ॲक्सेस कार्डचा रीडर यांच्यात ती हरवत नाही.

यापुढचा प्रश्न जास्त गंभीर आहे: दाराच्या आत, म्हणजे मजल्याच्या बाजूला, की दाराबाहेर जिन्याच्या लँडिंगवर? ‘जिन्यात लावू, सगळ्यांना दिसेल’ असं बिल्डरचे लोक म्हणतात. मी शक्यतो मजल्याच्या बाजूला लावते, आणि कारण सांगून लावते. घाबरलेला माणूस जिन्यात शिरला की थांबत नाही. पाचव्या मजल्यावर आग बघून तो धावत सुटतो, चौथ्याच्या किंवा तिसऱ्याच्या लँडिंगवर त्याला आठवण होते आणि तो तिथली पेटी दाबतो. खाली पॅनेलवर ‘तिसरा मजला’ उमटतं. वॉचमन तिसऱ्यावर धावतो, तिथे काहीच नसतं, ‘खोटा अलार्म’ म्हणून तो हूटर बंद करतो. पाचव्यावर मात्र आग चढत असते. पेटी मजल्याच्या बाजूला, दाराला लागून असली की माणूस जिन्यात शिरायच्या आधीच ती त्याच्या हातात येते आणि पॅनेल खरा मजला दाखवतं.

जिन्यात लावायचीच असेल, समजा जागाच नाही, तर ती त्याच मजल्याच्या पत्त्यावर जोडलेली हवी. अख्ख्या जिन्याच्या पेट्या उभ्या एका झोनमध्ये, म्हणजे पॅनेलवरच्या एकाच गटात, जोडून ‘जिना नं. 1’ असं लिहिलेलं पॅनेल मला चालत नाही. ‘जिना नं. 1’ वाचून वॉचमनने कुठल्या मजल्यावर जायचं?

तळमजल्यावर मोकळ्या हवेत बाहेर पडायच्या प्रत्येक दाराशी एक पेटी हवीच. वरून कुणी काही न दाबता उतरलं तर ती शेवटची संधी असते.

उंची

आयएस 2189 मध्ये, म्हणजे फायर अलार्मच्या भारतीय मानकात, उंची 1.4 मीटर दिली आहे. मी पेटीच्या मध्यापर्यंत मोजते. जुन्या बांधकाम नियमांत पेटीचा तळ 1 मीटरवर असं होतं, त्यामुळे जुन्या इमारतींत पेट्या खाली दिसतात. त्या लगेच उखडायची गरज नाही. नूतनीकरण निघालं की अग्निशमन खात्याला विचारून नव्या उंचीवर घ्या.

1.4 मीटर कुठून? तयार फरशीपासून. नुसत्या स्लॅबवर टेप ठेवून खूण केली आणि वर भर, सिमेंट, लादी असे थर चढले, की पेटी तेवढी खाली जाते. गवंडी भिंतीवर तयार फरशीपासून 1 मीटरची लेव्हल मारून ठेवतात. ती रेघ शोधा आणि तिच्यापासून वर 400 मिलिमीटर मोजा. रेघ सापडली नाही तर साईट इंजिनियरला लादीची लेव्हल विचारल्याशिवाय बॉक्स गाडू देऊ नका. भिंत फोडून बॉक्स वर घेणं कुणालाच परवडत नाही, आणि बहुतेक वेळा तो मग खालीच राहतो.

वृद्धाश्रम, फिजिओथेरपी सेंटर, व्हीलचेअरवरचे लोक नेहमी असतील अशा जागा वेगळ्या. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात 1.4 मीटरपर्यंत धडपणे पोचत नाही. अमेरिकेत म्हणूनच 42 ते 48 इंच, म्हणजे 1.07 ते 1.22 मीटर उंची ठेवतात. अशा ठिकाणी अग्निशमन अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि 1.2 मीटरच्या आसपास घ्या. तोंडी ‘चालेल’ म्हणाले, यावर जाऊ नका. पुढच्या तपासणीला दुसरे अधिकारी येतात.

दिसणं

लांब पॅसेजमध्ये माणूस भिंतीला समांतर धावतो. भिंतीत पूर्ण गाडलेली, प्लास्टरला सपाट बसवलेली पेटी त्याला बाजूने दिसत नाही. इंटिरियरवाल्यांना सपाटच हवी असते. तिथे हट्ट धरायचा: पेटीचा पुढचा भाग भिंतीपासून निदान 15 मिलिमीटर बाहेर हवा. वर, डोक्यांच्या वरून दिसेल अशी, अंधारात चमकणारी पाटी हवी आणि तिच्यावर मराठीत लिहिलेलं हवं. ‘आग लागल्यास दाबा. मग 101 वर फोन करा.’ दुसरं वाक्य मी प्रत्येक ठिकाणी लिहायला लावते. पेटी दाबली की बंब आपोआप निघतो, अशी अनेकांची समजूत असते. बहुतेक इमारतींत पेटी फक्त त्या इमारतीचे हूटर वाजवते. फोन कुणाला तरी करावाच लागतो.

रहिवासी इमारतीत पेटीचा शत्रू म्हणजे चपलांचं कपाट. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात लिफ्ट लॉबीत शू-रॅक, सायकली, कुंड्या, पाण्याचे जार येतात. लाल पेटीखालची मोकळी भिंत लोकांना रिकामी जागा वाटते. म्हणून जागा निवडतानाच अशी निवडा, जिच्याखाली काही ठेवलं तर दारच अडेल: हँडलच्या बाजूची ती एक फुटाची पट्टी. पोडियमवर किंवा पार्किंगमध्ये गणपतीचा मांडव घालणाऱ्या सोसायट्यांनी मांडव आखतानाच पेट्या कुठे आहेत ते बघून घ्यावं. पडदे आणि थर्माकोल यांच्यामागे पेटी गेली, आणि समोर समया, विजेच्या माळा, शेकडो माणसं. वर्षातल्या सगळ्यात धोक्याच्या दिवसांत पेटी झाकलेली, हे मला दर भाद्रपदात बघवत नाही. मांडववाल्याला सांगून पडद्याला तिथे कापून खिडकी ठेवायला लावा.

ॲक्सेस कार्ड लावलेल्या ऑफिसांत आणखी एक भानगड असते. दार सोडवणारी हिरवी पेटी आणि आगीची लाल पेटी, आकाराने सारख्या, शेजारी शेजारी. घाईत माणूस कुठलीही दाबतो. हिरवी दाबली तर दार उघडतं, पण इमारतीला काहीच कळत नाही. दोघींमध्ये अंतर ठेवा, दोघींवर ठळक लिहा, आणि लाल पेटी दाबताच दाराचं मॅग्नेटिक कुलूप आपोआप सुटेल अशी वायरिंग करून घ्या. ही जोडणी चालते की नाही हे दाबून बघितल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. सर्व्हर रूममध्ये आग विझवणारा गॅस सोडणारी पेटीही असते. तिच्याजवळ एमसीपी नकोच, एमसीपी दाराबाहेर वेगळ्या भिंतीवर घ्या.

विसरल्या जाणाऱ्या जागा

मजले सगळे मोजतात. पंप रूम, लिफ्टची मशीन रूम, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर रूम, गच्चीचं दार, रिफ्यूज एरिया (उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) आणि तळघरातलं पार्किंग राहून जातं. या खोल्यांत पेटी खोलीच्या आत, विजेच्या पॅनेल बोर्डाशेजारी लावू नका. आग तिथेच लागायची शक्यता जास्त. बाहेर पडायच्या दाराशी लावा. हॉटेलच्या स्वयंपाकघरातही तेच: शेगडीजवळ नको, बाहेर जायच्या दाराजवळ हवी, तेलाचा हात पुसत पळणाऱ्या आचाऱ्याच्या वाटेवर. पार्किंगमध्ये खांबावर लावत असाल तर खांबाची गाडीकडची बाजू टाळा आणि पायी चालायच्या बाजूला घ्या, नाहीतर उभ्या गाडीमागे ती दिसत नाही.

गच्चीवरची रेस्टॉरंट हा वेगळाच विषय. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. बरीच जणं स्वच्छतागृहात सापडली. तिथे आलेली माणसं पाहुणी असतात, त्यांना वाटा माहीत नसतात. म्हणून अशा जागी पेटी आणि तिच्यावरची पाटी टेबलावर बसलेल्या माणसाला दिसते का, हे खुर्चीवर बसून तपासा. एक पेटी जिन्याच्या तोंडाशी, आणि कर्मचाऱ्यांसाठी वेगळी, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला.

हॉस्पिटलमध्ये मी नेहमीपेक्षा जास्त पेट्या मागते आणि त्यावर वाद घालायला तयार असते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून 10 बाळं गेली. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या बाबतीत ‘रुग्णाने 22.5 मीटर चालावं’ हा हिशेबच लागू होत नाही. तिथे हिशेब नर्सचा करायचा. रात्रपाळीला एकटी असलेली सिस्टर वॉर्ड सोडून पॅसेजच्या टोकाला जाणार नाही, जाऊही नये. म्हणून वॉर्डच्या दाराशी एक असतेच, पण दुसरी नर्सिंग स्टेशनला, तिच्या खुर्चीपासून दोन-तीन पावलांवर हवी. आयसीयू आणि नवजात कक्षात आतही एक हवी, बाहेर पडायच्या दाराजवळ, ऑक्सिजनच्या पॅनेलपासून लांब.

शाळेत आणि मॉलमध्ये खोडीने पेट्या दाबल्या जातात, म्हणून त्या वर, हात न पुरेल अशा लावायची मागणी येते. ती मानू नका. वर उचलायचं पारदर्शक झाकण लावा. झाकण उचलायच्या एका हालचालीमुळे चुकून लागणारे धक्के जवळजवळ थांबतात, आणि खऱ्या वेळी कुणाचं काही अडत नाही.

पाऊस

पोडियम, गच्ची, गेटजवळ, कोकणपट्टीत कुठेही उघड्यावर साधी घरातली पेटी लावली की पहिल्याच जूनमध्ये ती आपणहून वाजायला लागते. पाणी वरच्या कन्ड्युटमधून उतरतं, टर्मिनलवर साचतं आणि पॅनेलला वाटतं कुणीतरी दाबली. असं तीनदा झालं की सोसायटी तो झोनच बंद करून ठेवते, आणि मग तिथल्या कुठल्याच पेटीचा उपयोग उरत नाही. बाहेर आयपी 67 दर्जाची पेटी घ्या, केबल खालून, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून आत आणा, आणि वरच्या बाजूचं प्रत्येक न वापरलेलं भोक बंद करा. केबलला पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकून जातं.

ताबा घेताना

प्रत्येक पेटी दाबा. नमुन्याला चार नाही, प्रत्येक. एक जण पॅनेलसमोर, एक जण मजल्यावर, दोघांच्या हातात फोन. पॅनेलवर मजला, विंग आणि जागा बरोबर उमटते का, हे कागदावर टिपा. ‘डिव्हाइस 047’ असं दिसत असेल तर काम अपुरं आहे. ‘बी विंग, 5 वा मजला, जिना 2’ असं दिसलं पाहिजे. वॉचमनला वाचता येईल अशी, मजल्यांचा नकाशा असलेली शीट पॅनेलशेजारी चिकटवा. त्याच वेळी शेवटच्या बेडरूममध्ये दार लावून उभं राहा आणि हूटर ऐकू येतो का बघा.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे की एजन्सीचा माणूस सही करायला आला की त्याच्याबरोबर सगळे मजले चाला. मधल्या काळात दर महिन्याला एक वेगळी पेटी टेस्टच्या किल्लीने तपासा आणि वहीत तारीख लिहा. आदल्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लावा. 14 एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, अनेक सोसायट्या ड्रिल ठेवतात. त्या दिवशी पेटी सेक्रेटरींनी दाबू नये. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींना दाबायला सांगा आणि त्यांना ती कुठे आहे हे न विचारता सापडते का, ते बघा. सापडली नाही तर पाटी बदला, नाहीतर पेटी हलवा.

आणि भाडेकरू बदलला, पार्टिशन हललं, एखादं दार कायमचं बंद झालं, की मोजणीचं चाक पुन्हा बाहेर काढा. त्या मजल्याचा सगळ्यात वाईट कोपरा आता दुसरीकडे असतो.